तुरीच्या पाट्यातली गांजाची झाडं



समर्थ रामदासांच्या जन्मगावी, जांबेत, बोलायला उभं राहिलेल्या माणसाने गांजाच्या शेतीवर बोलावं, हे काहींना खटकेल. तरी मी हाच विषय मागून घेतला. मराठवाड्यात तुरीत, पऱ्हाटीत, उसात गांजा सापडल्याच्या बातम्या येत राहतात, आणि पकडल्या जाणाऱ्यांत आपल्यासारखा कोरडवाहू शेतकरीही असतो. त्याला काय सांगितलेलं असतं? बियाणं आम्ही देतो, फवारणी नाही, खत नाही, माल जागेवरून उचलू. कापसाने दगा दिलेल्या साली असं बोलणं गोड लागतं. मला त्या शेतकऱ्याचा राग येत नाही. त्याला पुढचं कोणी सांगितलेलं नसतं, याचा येतो.

एके काळी हा गुन्हा नव्हता. मुंबई इलाख्यात परवाना घेऊन गांजा पिकवला जाई. इंग्रज सरकारने 1893 मध्ये गांजा-भांगेच्या चौकशीसाठी आयोग नेमला. त्यानेही सरसकट बंदी नको, कर आणि परवाने ठेवा, असंच सुचवलं. मात्र 14 नोव्हेंबर 1985 ला अंमली पदार्थविरोधी कायदा लागू झाला आणि चित्र पालटलं.

या कायद्यात घरापुरतं एक झाड अशी सवलत नाही. कलम 20 प्रमाणे विनापरवाना लागवडीला दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड आहे. मग येतं वजन. ताब्यातला गांजा एक किलोपर्यंत असेल तर अल्प प्रमाण, वीस किलोच्या वर गेला की व्यापारी प्रमाण. तिथे शिक्षा दहा वर्षांपासून सुरू होते आणि जामीन अतिशय अवघड. आता छापा पडतो तेव्हा काय होतं ते पाहा. झाडं मुळासकट उपटतात, मोळ्या बांधतात, वजनकाटा मागवतात. हिरवं, ओलं झाड. खोड, फांद्या, पानं, सगळं एकत्र चढतं. वीस किलोचा आकडा बघता बघता ओलांडला जातो. कायद्याच्या व्याख्येत मात्र गांजा म्हणजे फुललेले किंवा फळ धरलेले शेंडे. शेंड्यांपासून वेगळी असलेली पानं आणि बिया त्यात धरत नाहीत. या मुद्द्यावर मुंबई उच्च न्यायालयात वाद झाले, काहींना जामीनही मिळाला. पण तिथवर पोचेपर्यंत वकिलाच्या फीपायी बैलजोडी गेलेली असते. ज्याला कमी खर्चाचं पीक म्हणतात, त्याचा हा खरा खर्च.

दुसरी गोष्ट शेत बटईने देणाऱ्यांसाठी, कारण ती फारशी कोणी सांगत नाही. आपल्या जमिनीत गांजाची लागवड आहे हे माहीत असून जमीनधारकाने कळवलं नाही, तर कलम 46 प्रमाणे तोही शिक्षेला पात्र. कलम 47 मध्ये तर सरपंच, पंच आणि गावचे अधिकारी यांच्यावरही कळवण्याची जबाबदारी टाकली आहे. आखाड्यावर सालदार आहे, आपण जालन्यात राहतो, एवढ्याने सुटका होईल असं धरून चालू नका. तुरीच्या पाट्यात पंजासारखं, कडेला करवतीचे दाते असलेलं पान दिसलं आणि फुलोऱ्यात उग्र वास आला, तर लगेच पोलिसांना कळवा आणि पंचनामा करून घ्या.

2021 मध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळ तालुक्यातील एका शेतकऱ्याने थेट जिल्हाधिकाऱ्यांकडे गांजा लावायची परवानगी मागितली होती. कोणत्याच पिकाला भाव नाही, असं त्याचं म्हणणं. परवानगी मिळाली नाही, मिळणारही नव्हती. पण त्या अर्जात जे दुखणं होतं ते आपलंच आहे, आणि त्याला उत्तर द्यायला हवं.

एक उत्तर कायद्यातच आहे. कलम 14 प्रमाणे धागा आणि बी यांसाठी सरकार लागवडीला परवानगी देऊ शकतं. उत्तराखंडने 2018 पासून या वाटेने औद्योगिक भांगेचे परवाने दिले. नशेचा घटक 0.3 टक्क्यांच्या आत असलेलं वाण, ही अट. महाराष्ट्राने या वाटेचा गंभीरपणे विचार करावा, असं माझं स्पष्ट मत आहे. कृषी विद्यापीठाने आपल्या जमिनीत चाचणी घ्यावी, वाण तपासावं, आणि धागा घेणारा गिरणीवाला आधी उभा करावा. गिरणी नसताना परवाना वाटणं म्हणजे शेतकऱ्याला पुन्हा बाजारात एकटं सोडणं.

तोवर धाग्याचंच पीक हवं असेल, तर बांधावरची अंबाडी आहे. कोवळेपणी भाजी, नंतर साल पाण्यात कुजवून वाख, वाखाचे दोर. तिला कोणाचा परवाना लागत नाही. प्रश्नोत्तरांत बटईचे करार कसे लिहावेत यावर सविस्तर बोलू. ज्यांच्याकडे कागद आहेत त्यांनी ते पुढे घेऊन यावेत.