छायाचित्रांची पेठ

(हीरक महोत्सवी वर्षानिमित्त शाळेच्या सभागृहात झालेल्या माजी विद्यार्थिनी व माता-पालक मेळाव्यातील मुख्याध्यापिकांचे भाषण)



आजच्या भाषणाचा विषय वाचून आपल्यापैकी काहींच्या भुवया उंचावल्या असतील. वर्गात मोबाइल सापडला की तो कपाटात कुलूपबंद करून पालकांना बोलावणे धाडणाऱ्या बाई आज इन्स्टाग्रामवर व्यवसाय कसा करावा हे सांगायला उभ्या आहेत. विसंगती मला मान्य आहे. तिचे कारण मात्र याच शाळेच्या कार्यालयात घडले.

गेल्या दिवाळीच्या आधी आपली एक माजी विद्यार्थिनी मला भेटायला आली. तिची मुलगी सध्या आपल्याकडे सातवीत आहे. फीसाठी महिनाभराची मुदत हवी होती. घरी फराळाचे पदार्थ करून विकते, इन्स्टाग्रामवर खाते उघडले आहे, पाच किलो चकलीची पहिली मोठी मागणी आली आणि ग्राहकाने दारातूनच डबे परत पाठवले, असे तिने सांगितले. मी तिच्या हातची चकली खाल्ली आहे. खोट काढायला जागा नाही. मग परत का? तिने मोबाइल पुढे केला. चित्रातली चकली संगमरवरी ओट्यावर, पितळी ताटात, झेंडूच्या पाकळ्यांत मांडलेली होती. ते चित्र तिने कुठूनतरी उतरवून घेतले होते. ग्राहकाने त्या चित्रातली सोनेरी, नाजूक, मशीनवर पाडलेली चकली मागवली होती आणि त्याच्या दारात गेली ती भाजणीची, हाताने पाडलेली, काळसर तांबूस चकली. पदार्थ अस्सल होता, चित्र उसने होते.

त्या दिवसापासून मी या माध्यमाकडे करमणूक म्हणून पाहणे सोडले. रीतसर अभ्यास केला. आमच्या संगणक शिक्षकांना बराच त्रास दिला. शाळेचेही एक खाते उघडले. त्यातून जे समजले ते आज सांगते.

मराठी माणसाला ही गोष्ट नवी नाही, हे प्रथम सांगू द्या. राजा रविवर्म्यांनी १८९४ साली मुंबईत शिळाछापखाना काढला आणि राजवाड्यांत टांगलेली लक्ष्मी-सरस्वती चाळीतल्या खोलीत आली. पुढे अशाच चित्रांखाली साबणाची नि बालान्नाची नावे छापून दिनदर्शिका निघाल्या. देवीचे चित्र पाहता पाहता साबणाचे नाव पाठ होई. आजच्या जाहिरातशास्त्राने यापेक्षा फार निराळे काही शोधले आहे असे मला वाटत नाही.

पण आपल्या कामाचे खरे उदाहरण किर्लोस्करांचे. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुळात चित्रकार व्हायला मुंबईच्या जे. जे. कला विद्यालयात गेले होते. डोळ्यांना काही रंगांतला भेद कळेना म्हणून रंगचित्रण सोडून ते यंत्ररेखनाकडे वळले, ते शिकवलेही, आणि शेवटी लोखंडी नांगराचे कारखानदार झाले. १९१० साली औंध संस्थानात किर्लोस्करवाडी वसली. नांगर उत्तम, पण लोखंडाने जमीन विषारी होईल अशी शेतकऱ्यांची समजूत! आता माल चांगला असून लोकांना भरवसा नाही, या अवस्थेत माणसाने काय करावे? शंकरराव किर्लोस्कर हे चित्रकलेचे शिक्षण घेतलेले. जाहिरातीचे काम त्यांच्याकडे होते. त्यांनी १९२० साली ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केले. कारखान्याची वार्ता ग्राहकांपर्यंत पोहोचावी एवढाच आरंभीचा हेतू होता. पण नुसती मालाची स्तुती कोणी दरमहा वाचत नाही, हे त्यांनी ओळखले. वाचकाला उपयोगी पडेल, रंजन करील असा मजकूर आला. ‘खबर’ हा शब्द यथावकाश गळाला आणि ‘किर्लोस्कर’ मासिक मराठी घरात स्थिरावले. १९३० साली त्याच संस्थेचे ‘स्त्री’ मासिक निघाले. माझ्या आईकडे त्याचे जुने अंक ट्रंकेत होते. नांगर आमच्या घरी कधीच नव्हता!

मुलींनो, तुमच्या खात्याचे गणितही हेच आहे. रोज ‘घ्या, घ्या’ म्हणणाऱ्याकडे लोक पाठ फिरवतात. भाजणी किती भाजावी, अनारशाचे पीठ आंबवताना तांदूळ किती दिवस भिजत ठेवावे, पैठणीची घडी कशी मोडावी हे जो सांगतो, त्याच्याकडे लोक थांबतात आणि मग त्याच्याकडूनच घेतात. कृती सांगितली तर ग्राहक घरीच करील, ही भीती व्यर्थ आहे. ज्याला करायची हौस आहे तो तुमच्याविनाही करील. ज्याला वेळ नाही तो तुमचे ज्ञान पाहून निर्धास्त होईल.

आता प्रत्यक्ष कामाकडे येते. इन्स्टाग्राम ऑक्टोबर २०१० मध्ये अमेरिकेत केविन सिस्ट्रॉम आणि माइक क्रीगर या दोन तरुणांनी सुरू केले. झटपट छायाचित्र देणारा कॅमेरा आणि टेलिग्राम म्हणजे आपली तार, या दोहोंच्या जोडातून ते नाव बनले. दोन वर्षांत फेसबुकने ते विकत घेतले आणि २०१६ पासून व्यावसायिकांसाठी निराळ्या प्रकारचे खाते मिळू लागले. ते खाते विनाशुल्क आहे. आपले घरगुती खाते, ज्यात मावसबहिणीच्या लग्नाची चित्रे आहेत, त्याचेच दुकान करू नका. वेगळे खाते काढा आणि सेटिंगमध्ये जाऊन ते व्यावसायिक करा. त्यामुळे संपर्काचे बटण मिळते आणि कोणते चित्र किती जणांनी, कोणत्या गावांतून पाहिले याचा हिशेब दिसतो. नाव सोपे ठेवा. तोंडी सांगितले तर समोरच्याला लिहिता आले पाहिजे. परिचयासाठी १५० अक्षरांची जागा असते. तीत सुविचार लिहू नका. काय विकता, रायपूरच्या कोणत्या भागात, मागणी किती दिवस आधी द्यावी, एवढे पुरे. तात्यापारा किंवा चौबे कॉलनी हे शब्द तिथे सुविचारापेक्षा अधिक काम करतात, कारण चकली शोधणाऱ्याला ती जवळ हवी असते.

छायाचित्राविषयी मी थोडी आग्रही आहे. महागडा मोबाइल लागत नाही. सकाळची खिडकी लागते. विजेचा दिवा मालवा, पदार्थ खिडकीशी ठेवा, उजेड बाजूने येऊ द्या आणि मोबाइलची काच पदराने पुसून घ्या. निम्मी चित्रे त्या काचेवरच्या तेलकट बोटांनी बिघडतात. ताट तुमचेच असू द्या. रंग बदलणाऱ्या चाळण्या वापरू नका. साडी विकणाऱ्यांनी तर मुळीच नाही. अंजिरी रंग चित्रात डाळिंबी दिसला की साडी परत आलीच म्हणून समजा. वस्तू केवढी आहे हे कळावे म्हणून शेजारी वाटी किंवा हात दिसू द्या. आपल्या त्या विद्यार्थिनीने माझ्या सांगण्यावरून भाजणीची पाच धान्ये, सोऱ्या आणि तिचा पीठ लागलेला हात, अशी तीन साधी चित्रे टाकली. खाली लिहिले, ‘भाजणीची आहे, म्हणून रंग काळसर.’ त्यानंतर तिची चकली रंगावरून परत आलेली नाही.

भाषेचा प्रश्न मला अनेकींनी विचारला. ग्राहक हिंदी किंवा छत्तीसगढी बोलणारा. मग मराठीत लिहावे कशाला? या शहरात याचे उत्तर पंडित माधवराव सप्रे यांनी देऊन ठेवले आहे. घरची भाषा मराठी. १९०० साली पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ मित्र’ काढले ते हिंदीत. दासबोध आणि गीतारहस्य हिंदीत नेले तेही त्यांनीच. शेजाऱ्याशी त्याच्या भाषेत बोलावे, पण आपल्या वस्तूचे नाव बदलू नये. ‘कडबोळी’ला कडबोळीच म्हणा, मग पुढे हिंदीत समजावून सांगा. आपला अनारसा आणि इथला अईरसा हे तांदूळ-गुळाचे भाऊभाऊ आहेत. दोन्ही एका ताटात मांडून चित्र काढा, नावे दोन्ही लिहा. ठेठरी-खुरमी करणाऱ्या शेजारणीला सोबत घेतलेत तर उत्तमच. शाळेत मराठी शिकलात म्हणून शुद्धलेखन मात्र शाबूत ठेवा. ‘चकलि’ लिहिलेले चित्र मला दिसले तर मी लाल शाईने नव्हे, पण फोन करून सांगणार आहे.

किंमत लपवू नका. ‘किंमत निरोपात विचारा’ असे लिहिण्याची एक पद्धत पडली आहे. मला ती आवडत नाही. गोल बाजारातला दुकानदारही भाव विचारला की लगेच सांगतो. वजन, किंमत, पोहोचवण्याचा खर्च चित्राखालीच लिहा. आणि किंमत ठरवताना तेल-बेसनाबरोबर स्वतःचे तास धरा. आपल्या बायका नेमके तेच विसरतात. अनुयायांची संख्या विकत मिळते, ती घेऊ नका. दहा हजार अनोळखी नावांपेक्षा समता कॉलनीतली चाळीस घरे दिवाळी पार पाडतात. पैसे देऊन जाहिरात करण्याची सोय आहे. पण जे चित्र आपोआप लोकांनी पाहिले, एकमेकांना पाठवले, त्यालाच थोडे पैसे लावून बघावे. जे कोणी पाहिले नाही त्यावर खर्च करू नये.

खाद्यपदार्थ विकणाऱ्यांनी २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याखाली नोंदणी करायची असते, घरून विकत असलात तरीही. चौदा अंकी क्रमांक मिळतो, तो डब्यावर आणि खात्यावर लिहा. ग्राहकाच्या मनात त्याने फार फरक पडतो.

सावधगिरीचे दोन शब्द. तेव्हाच्या अहमदनगरजवळच्या सारोळा कासार गावच्या सुमन धामणे आजी नातवाच्या मदतीने यूट्यूबवर पाककृती दाखवू लागल्या आणि ‘आपली आजी’ म्हणून घरोघरी ठाऊक झाल्या. २०२० च्या ऑक्टोबरात त्यांची वाहिनीच कोणी चोरली. सुदैवाने ती परत मिळाली. म्हणून खात्याला दुहेरी पडताळणी लावा. ‘तुमचे खाते बंद होणार आहे, येथे दाबा’ असा निरोप आला की दाबू नका. पैसे मिळवण्यासाठी यूपीआयचा पिन कधीच लागत नाही. तो मागणारा ग्राहक नव्हे, चोर आहे. फसवणूक झालीच तर तत्काळ १९३० या क्रमांकावर कळवा. ‘स्त्री’ मासिकाचे जन्मवर्ष लक्षात ठेवलेत की हा क्रमांकही राहील.

शेवटचा विषय मला जड जातो, पण टाळता येत नाही. त्याच विद्यार्थिनीचा व्यवसाय सावरू लागल्यावर तिने मुलीला चित्रफितींत घेतले. मुलगी गोड आहे, बोलते छान. शाळेच्या गणवेशात, खिशावरचे बोधचिन्ह स्पष्ट दिसते आहे, अशी ती चकली मोडून दाखवत होती. पाहणारे एकदम वाढले. आठ दिवसांनी मुलीने वर्गशिक्षिकेला सांगितले, की कोणी अनोळखी माणूस निरोपात तिची शाळा सुटण्याची वेळ विचारतो आहे. आईला ते ठाऊकच नव्हते, कारण निरोप वाचण्याचे काम मुलीकडे होते. आम्ही त्या दोघींना बसवून सर्व चित्रफिती त्याच दिवशी काढायला लावल्या. आई रडली. ‘बाई, त्याच चित्रफितींनी मागण्या येत होत्या,’ ती म्हणाली. ते खरेच होते. पुढच्या महिन्यात तिच्या मागण्या घटल्या हेही खरे आहे, आणि ती फीची मुदत आम्ही आणखी वाढवली.

हे माध्यम स्वतःच्या नियमानेच तेरा वर्षांखालील मुलांना खाते देत नाही. आपल्या २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालील प्रत्येक जण बालक आहे. पण कायदा बाजूला ठेवा. पटसंख्या घटते आहे, शेजारच्या इंग्रजी शाळा हसऱ्या मुलांची चित्रे झळकवतात, आपणही तसे करावे, असा आग्रह मलाही झाला. आग्रह करणारे शाळेचे हितचिंतकच होते. एक वर्ग कमी होताना पाहणे काय असते, हे मला रोज पट मांडताना कळते. तरीही आमच्या खात्यावर मुलांचे चेहरे नाहीत. त्यांनी काढलेली चित्रे आहेत, वहीतली अक्षरे आहेत, प्रयोगशाळेतले हात आहेत, दहीहंडीचा पाठमोरा मनोरा आहे. त्याने प्रवेश वाढले का, असे विचाराल तर यंदा पाच पालक ते खाते पाहून आले. आलेल्यांपैकी एका आईने सांगितले, ‘मुलांचे चेहरे दिसले नाहीत, म्हणूनच आले.’ बाकी चौघांचे कारण मी विचारले नाही.

तुमच्या मुलांविषयीचा निर्णय तुमचा आहे. गणवेश, बोधचिन्ह आणि शाळेचे फाटक मात्र कोणत्याही विक्रीच्या चित्रात दिसू नये, ही या शाळेची लेखी विनंती आजच्या परिपत्रकात आहे. प्रत येथे दाराशी ठेवली आहे. सही करून द्यावी.

माझे बोलणे ठरल्यापेक्षा लांबले. चहानंतर संगणक कक्ष उघडा आहे. ज्यांना खाते उघडायचे आहे त्यांनी आपली एक वस्तू आणि चार्ज केलेला मोबाइल घेऊन यावे. पूर्वेकडच्या खिडकीशी टेबल लावले आहे, आणि साडेअकरापर्यंत तिथे उजेड चांगला असतो.