शाकाहारी श्वानान्नाची परीक्षा

ज्या घरातील चुलीला पिढ्यान्‌पिढ्या मांसाचा स्पर्श झालेला नाही, अशा घरात कुत्रा आला म्हणजे त्याच्या जेवणाचा प्रश्न उपस्थित होतो, आणि त्याचा निकाल बहुधा दूधपोळीने लावला जातो. अशा कुटुंबांची अहिंसेवरील निष्ठा मला मनापासून आदरणीय वाटते. परंतु ते व्रत कुत्र्याने स्वखुशीने घेतलेले नसून आपण त्याच्या वतीने घेतलेले असते, आणि म्हणूनच त्या व्रतापायी त्याच्या पोषणात जी तूट पडेल ती भरून काढण्याची संपूर्ण जबाबदारी आपल्यावर येते. ही तूट नेमकी कोठे पडते, आणि बाजारातून आणलेल्या शाकाहारी अन्नाच्या पुड्यावरील मजकूर वाचून ती भरली गेली आहे की नाही हे कसे ताडावे, एवढाच आज माझ्या विवेचनाचा विषय आहे.

मुळात कुत्र्याला वनस्पतिजन्य आहार मानवतो काय, या शंकेचे निरसन आधी केले पाहिजे. कुत्रा हा लांडग्याचा वंशज असला, तरी माणसाच्या वस्तीच्या आश्रयाने हजारो वर्षे राहिल्यामुळे त्याची पचनशक्ती पालटली आहे. स्वीडनमधील संशोधकांनी २०१३ साली असे दाखवून दिले की, पिष्ट पचविणाऱ्या स्वादुपिंडातील पाचकरसाच्या जनुकाच्या लांडग्यात दोनच प्रती आढळतात, तर कुत्र्यात त्या चारपासून तीसपर्यंत असतात. भाकरीवर वाढलेले आपल्या खेड्यांतील कुत्रे पाहिले म्हणजे या निष्कर्षाचे नवल वाटत नाही. मांजराची गोष्ट अगदी निराळी आहे. त्याच्या शरीरात टॉरीन हे अमिनो आम्ल पुरेसे तयार होत नाही आणि गाजरातील कॅरोटीनपासून त्याला ‘अ’ जीवनसत्त्व बनविता येत नाही. तेव्हा मी जे सांगणार आहे ते मांजराला कोणीही लागू करू नये.

आता पुड्याकडे वळू. गिऱ्हाइकाची दृष्टी प्रथम जाते ती प्रथिनांच्या टक्केवारीवर, आणि माझ्या मते सर्वांत मोठी फसगत येथेच होते. हा आकडा प्रथिने प्रत्यक्ष मोजून काढलेला नसतो. कोपनहेगन येथील कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत योहान केल्डाल याने १८८३ साली सिद्ध केलेल्या पद्धतीने पदार्थातील नत्र मोजतात, आणि प्रथिनांत सरासरी सोळा टक्के नत्र असते या गृहीतावर त्या नत्राला ६.२५ ने गुणतात. म्हणजे नत्र कोठूनही आलेले असो, हिशेबात ते प्रथिन म्हणूनच जमा होते. या पद्धतीतील छिद्राचा दुष्टाव्याने फायदा घेतला गेला तो २००७ साली. चीनमधून उत्तर अमेरिकेत गेलेल्या गव्हाच्या ग्लुटेनमध्ये मेलामीन हे रसायन मिसळलेले निघाले. त्याच्या वजनाचा दोनतृतीयांश भाग नत्राचा असल्यामुळे कागदोपत्री प्रथिने भरपूर दिसली, आणि ते ग्लुटेन घातलेले अन्न खाऊन मूत्रपिंडात स्फटिक साचल्याने कितीतरी कुत्री-मांजरे प्राणास मुकली. शिवाय दोन अन्नांची तुलना करताना त्यांतील पाणी वजा करावे लागते. दहा टक्के पाणी असलेल्या कोरड्या अन्नातील २४ टक्के प्रथिने कोरड्या वजनावर सुमारे २७ टक्के भरतात, तर ७८ टक्के पाणी असलेल्या डबाबंद अन्नातील अवघी ८ टक्के प्रथिने सुमारे ३६ टक्के ठरतात.

तेव्हा आकडा बाजूला ठेवून घटकांची यादीच वाचली पाहिजे. प्रथिने ज्या अमिनो आम्लांची बनतात त्यांपैकी दहा कुत्र्याला अन्नातूनच मिळावी लागतात आणि त्यांतील एक जरी अपुरे पडले तरी उरलेल्या नऊंचा पुरता उपयोग होत नाही. त्यांपैकी लायसीन धान्यांत कमी असते, तर डाळींत व सोयाबीनमध्ये मेथिओनीन कमी असते. भाकरीबरोबर वरण किंवा पिठले खाण्याची आपली रीत ही उणीव परस्परांकडून भरून घेते. चांगल्या शाकाहारी श्वानान्नातही हाच मेळ दिसला पाहिजे: सोयाबीन, वाटाणा किंवा हरभरा एका बाजूस, तांदूळ किंवा ओट दुसऱ्या बाजूस, आणि वर मेथिओनीनची स्वतंत्र भर. मक्याच्या ग्लुटेनमध्ये सुमारे साठ टक्के प्रथिने असली तरी लायसीन थोडे असते. केवळ त्याच्या जोरावर आकडा फुगविलेला असेल तर तो माल मी निकृष्ट मानतो. ज्यांना दूध किंवा अंडे वर्ज्य नाही त्यांनी दूधभुकटी वा अंडे असलेले अन्न निःशंकपणे पसंत करावे, कारण अंड्यासारखे समतोल प्रथिन वनस्पतीत सहसा सापडत नाही.

यादीतील जिन्नस वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिण्याचा शिरस्ता आहे. परंतु एकाच मक्याचे पीठ, कोंडा आणि ग्लुटेन अशी तीन नावे वेगळाली लिहिली म्हणजे प्रत्येकाचे वजन घटते आणि मका यादीत खाली सरकतो. अशी नावे मनाशी एकत्र करूनच क्रम पाहावा. ‘धान्ये व वनस्पतिजन्य पदार्थ’ एवढाच मोघम तपशील देणाऱ्या उत्पादकावर मी विश्वास ठेवणार नाही. कांदा कुत्र्याच्या रक्तातील तांबड्या पेशींचा नाश करतो, म्हणून त्याचे नाव दिसताच पुडा परत करावा.

यादीचा शेवट वाचण्याचा पुष्कळजण कंटाळा करतात. वास्तविक शाकाहारी अन्नाची खरी कसोटी तेथेच लागते. बी-१२ जीवनसत्त्व वनस्पतीत मिळत नाही, ते वरून घातलेले असलेच पाहिजे. कुत्र्याच्या त्वचेत उन्हाने पुरेसे ‘ड’ जीवनसत्त्व तयार होत नाही, तेव्हा तेही हवे. त्याचा डी-३ हा प्रकार बहुधा मेंढीच्या लोकरीतील मेणापासून काढतात, आणि हे ज्यांना चालत नाही त्यांनी डी-२ किंवा दगडफुलापासून काढलेले डी-३ पाहून घ्यावे. धान्या-डाळींतील फायटिक आम्ल जस्ताला जखडून ठेवते, म्हणून जस्ताची भर आवश्यक. कॅल्शियम फॉस्फरसापेक्षा कमी असता कामा नये. हाडे नसलेल्या आहारात ते कमी पडतेच. टॉरीन कुत्रा स्वतः बनवितो, पण मेथिओनीन व सिस्टीन यांपासून. कच्चा माल तुटला की हृदयाचे स्नायू शिथिल होऊन हृदय फुगण्याचा धोका संभवतो. वाटाणे, मसूर, बटाटे हे मुख्य घटक असलेल्या अन्नांविषयी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१८ साली अशाच हृद्रोगाच्या संशयावरून चौकशी जाहीर केली होती. कार्यकारणभाव निर्विवाद सिद्ध झालेला नाही, तरी टॉरीनची भर असलेले अन्न निवडणे मला शहाणपणाचे वाटते.

पुड्यावर ‘पूर्ण व संतुलित आहार’ असे लिहिले आहे की ‘पूरक आहार’, आणि तो कोणत्या वयासाठी आहे, हेही पाहावे. अमेरिकेतील प्रमाणानुसार प्रौढ कुत्र्याच्या अन्नात कोरड्या वजनावर किमान १८ टक्के, तर वाढत्या पिल्लासाठी २२.५ टक्के प्रथिने लागतात. पिल्लू, गाभण किंवा दूध पाजणारी कुत्री यांना पशुवैद्याच्या देखरेखीवाचून शाकाहारावर ठेवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. प्रौढ कुत्र्याचेही अन्न बदलल्यावर वजन नियमित घ्यावे, लघवी तपासून घ्यावी, कारण या आहाराने ती अल्कधर्मी होऊन खडे होण्याकडे कल जातो. आणि गोल्डन रिट्रीव्हर किंवा कॉकर स्पॅनियल घरी असेल तर रक्तातील टॉरीनची तपासणीही पशुवैद्याकडे आग्रहाने मागावी.