कचेरी एक झाली, हेलपाटा कुणाला?



रोजगाराच्या लहान लहान कचेऱ्या मोडून एका इमारतीत आणल्या, की सरकारचे भाडे वाचते, शिपाई वाचतो. हा हिशेब खरा आहे, पण अर्धा आहे. कापसाचा उत्पादन खर्च काढताना घरच्या माणसांची मजुरी धरली नाही, तर पडेल भावसुद्धा परवडल्यासारखा दिसतो. तसेच हे. उदगीरच्या पोराने नाव नोंदवायला लातूर गाठायचे, तर एस.टी.चे भाडे आणि बुडालेला रोज कुणाच्या खात्यावर?

हेलपाटे आपल्याला नवे नाहीत. १९५६ पर्यंत आपला जिल्हा बीदर, मग उस्मानाबाद. १९८२ साली लातूर जिल्हा झाला तेव्हा कुठे कचेरी जवळ आली.

अंतराला किंमत असते हे कायद्यानेही मानले. २००५ च्या रोजगार हमी कायद्याने काम गावापासून ५ किलोमीटरच्या आत द्यायचे ठरवले. लांब दिले तर मजुरी १० टक्के जादा. कामाला जो न्याय, तो अर्जाच्या खिडकीला का नाही? काम १५ दिवसांत मिळायचे, ते दिवस अर्जापासून मोजायचे. खिडकी लांब गेली की अर्ज लांबतो, हक्कही लांबतो.

इमारत एक करा, हरकत नाही. पण बाजाराच्या दिवशी उदगीरला खिडकी उघडा, गावात अर्ज घ्या, तारखेसह पोच द्या. आणि सरकारचे वाचलेले भाडे व आमचा बुडालेला रोज, दोन्ही आकडे एकाच कागदावर मांडा. आजच्या ठरावात एवढेच लिहू या.