मुलाखतीचा कौल

कोंकणांत देवाला कौल लावण्याची फार जुनी चाल आहे. मूर्तीला तांदूळ किंवा फुलाच्या पाकळ्या चिकटवितात; उजवीकडची आधीं पडली तर देवाचा होकार, डावीकडची पडली तर नकार. एकदां कौल झाला कीं त्यावर वाद नाहीं. नोकरीच्या मुलाखतीकडे आपण सुशिक्षित म्हणविणारीं माणसें नेमक्या याच दृष्टीनें पाहतों. नेमणुकीचें पत्र आलें तर मुलगा लायक. न आलें तर नालायक. याच्या मधला कांहीं अर्थ असूं शकतो, हें आपल्या मनासहि येत नाहीं.

माझ्या परिचयाच्या एका कुटुंबांतील तरुण पुण्यास सदाशिव पेठेंत खोली घेऊन एका मोठ्या सरकारी परीक्षेचा अभ्यास करीत असे. लेखी परीक्षा उतरून तो मुलाखतीपर्यंत पोंचला. परंतु शेवटच्या यादींत त्याचें नांव नव्हतें. आठ दिवस त्यानें कोणाशीं बोलणें टाळलें. नवव्या दिवशीं आईला दूरध्वनीवर तो एवढेंच म्हणाला, “आई, त्यांनीं समोर बसवून मला पारखलें, आणि मी खोटा निघालों.” आजचें माझें बोलणें हें त्या एका वाक्याचें उत्तर आहे.

मुलाखत दिली असतां नोकरी मिळण्याचा संभव किती, असा साधा प्रश्न आपण प्रथम विचारूं. याचें सर्वत्र लागू पडेल असें एकच उत्तर नाहीं. एका जागेमागें किती जणांना बोलाविलें आहे, यावर तें मुख्यतः अवलंबून असतें. तरीहि एक उदाहरण असें आहे कीं, त्याचे आंकडे सरकारनेंच जाहीर केलेले आहेत. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या २०२२ सालच्या नागरी सेवा परीक्षेस ११,३५,६९७ अर्ज आले. त्यांपैकीं प्रत्यक्ष पूर्वपरीक्षेस ५,७३,७३५ उमेदवार बसले. त्यांतून १३,०९० जण मुख्य परीक्षेस पात्र ठरले. मुख्य परीक्षेतून २,५२९ जणांना मुलाखतीचें बोलावणें गेलें, आणि शेवटीं ९३३ जणांची शिफारस झाली.

आतां या चार आंकड्यांकडे जरा निरखून पाहावें. पहिल्या दारांतून सुमारें चव्वेचाळिसांतला एक आंत गेला. दुसऱ्या दारांतून पांचांतला एक गेला. मुलाखतीच्या दारांतून मात्र शंभरांतले सदतीस गेले. म्हणजे तिन्ही दारांत सर्वांत रुंद दार मुलाखतीचेंच आहे! पण मनुष्यस्वभाव असा कीं, पहिल्या दाराशीं अडलेला चार दिवसांत तें विसरतो, आणि शेवटच्या दाराशीं अडलेला जन्मभर मनांत सल बाळगतो. त्या वर्षीं १,५९६ जण मुलाखत देऊन रिकाम्या हातानें परतले. साडेपांच लाखांहून अधिक उमेदवारांना मागें टाकून आलेलीं हीं माणसें. त्यांना खोटीं नाणीं कोण म्हणेल? एका जागेमागें सुमारें पावणेतीन उमेदवार समोर होते. तेव्हां सर्वच्या सर्व उमेदवार सारखेच गुणी असते, तरीहि दर आठांपैकीं पांचांना परत जावें लागलेंच असतें. तो त्यांचा दोष नव्हे. तो भागाकार आहे.

शिवाय या परीक्षेंत मुलाखतीस २,०२५ पैकीं अवघे २७५ गुण आहेत. बाकीचे १,७५० लेखी परीक्षेचे. मुलाखतीचें माप असें आंखूड ठेवण्याचें कारण आहे. श्रीनगरच्या प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या प्रवेशासंबंधींचा एक दावा सर्वोच्च न्यायालयापुढें आला होता. तेथें एकूण गुणांपैकीं एक-तृतीयांश गुण तोंडी मुलाखतीस होते, आणि मुलाखत चालावयाची दोनतीन मिनिटें. १९८० सालीं न्यायालयानें निर्णय दिला कीं, अशा निवडींत शेंकडा पंधराहून अधिक गुण मुलाखतीस ठेवणें मनमानीचें होईल. पुढें १ जानेवारी २०१६ पासून केंद्र सरकारनें खालच्या श्रेणींच्या नोकऱ्यांसाठीं मुलाखत ठेवणेंच बंद केलें. जें माप न्यायालयास आणि सरकारास इतकें सांभाळून वापरावेंसें वाटतें, त्यानें आपण आपल्या मुलाची सगळी किंमत करावी काय?

माप किती चुकतें याचा एक मासला अमेरिकेंतील टेक्सास संस्थानाच्या ह्यूस्टन शहरांत पाहावयास मिळाला. तेथील वैद्यकीय महाविद्यालयानें १९७९ सालीं आठशें उमेदवारांच्या मुलाखती घेऊन त्यांचा क्रम लावला, आणि वरच्या साडेतीनशांतून दीडशें विद्यार्थी घेतले. इतक्यांत विधिमंडळाची आज्ञा झाली कीं आणखी पन्नास घ्यावे. वरचे चांगले चांगले उमेदवार तोंवर इतरत्र गेले होते. म्हणून सातशें ते आठशें या क्रमांकांतले, म्हणजे अगदीं तळचे, पन्नास घ्यावे लागले. पुढें सर्वांची प्रगति ताडून पाहिली, तेव्हां अभ्यासांत काय किंवा रुग्णसेवेंत काय, दोन्ही गटांत फरक म्हणण्यासारखा दिसला नाहीं. मुलाखत घेणारे अप्रामाणिक होते असें नव्हे. थोड्या वेळाच्या संभाषणांत माणूस किती दिसतो, याची मर्यादा त्यांतून उघड झाली, इतकेंच.

आपल्याच देशांतील एक उदाहरण सर्वांस ठाऊक आहे. अब्दुल कलाम अभियांत्रिकीचें शिक्षण संपवून डेहराडूनला वायुदलाच्या निवडीस गेले. पंचवीस उमेदवारांत त्यांचा क्रमांक नववा लागला, आणि जागा होत्या आठ. त्याच सुमारास त्यांनीं दिल्लीस दुसरी एक मुलाखत दिली होती. तेथून नेमणुकीचें पत्र आलें, आणि पुढचा इतिहास आपण जाणतांच. दोन मुलाखती आणि एक नोकरी! जागा नऊ असत्या तर ते वैमानिक झाले असते. एका खुर्चीच्या अंतरानें माणसाची वाट बदलते. योग्यता बदलत नाहीं.

मग उमेदवारानें करावें काय? प्रथम त्यानें हिशेब करण्यास शिकावें. तिघांतून एकाची निवड व्हावयाची असेल, तर अशा तीन मुलाखती दिल्या म्हणजे नोकरी खास, असें पुष्कळांस वाटतें. तें बरोबर नाहीं. तीन मुलाखती देणाऱ्या शंभर जणांपैकीं सुमारें तीस जण रिकामेच राहतील. सहा दिल्या तर रिकामे राहणारे नऊच उरतील. परंतु दहांतून एकाची निवड होत असेल, तर दहा मुलाखती देऊनहि शंभरांतले पस्तीस जण घरींच असतील. म्हणून ‘या जागेसाठीं किती जणांना बोलाविलें आहे?’ हा प्रश्न विचारण्यास लाजूं नये. आणि एका ठिकाणच्या उत्तराची वाट पाहत दुसरीकडचा अर्ज थांबवूं नये.

येथें एक सावधगिरी सांगितली पाहिजे. हा हिशेब खरा ठरावयाचा तर प्रत्येक मुलाखत नव्यानें दिलेली असावी. तीच चूक सहा वेळां केली, तर सहा मुलाखतींची किंमत एकीएवढीच. म्हणून बाहेर पडल्यावर त्याच संध्याकाळीं विचारलेले प्रश्न आणि आपलीं उत्तरें एका वहींत लिहून काढावीं. कोठें अडखळलों, कोठें उगाच लांबण लावली, कोठें ठाऊक नसतां ठाऊक असल्याचा आव आणला, हें त्यांत प्रामाणिकपणें यावें. नशिबाचा भाग नशिबाकडे राहूं द्यावा. परंतु आपला भाग तेवढा आपल्या हातीं ठेवावा.

आयोगानेंहि आतां ही गोष्ट ओळखलेली दिसते. मुलाखतीपर्यंत पोंचून यादींत न आलेल्या उमेदवारांची माहिती, त्यांच्या संमतीनें, इतर नोकरी देणाऱ्यांस पाहतां यावी अशी व्यवस्था त्यानें केली आहे. तिचें नांव ‘प्रतिभा सेतु’. शेवटच्या दारापाशीं थांबलेला माणूस टाकाऊ नव्हे, असेंच त्यानें एका परीनें सांगितलें आहे.

त्या तरुणाच्या आईला मी हे सगळे आंकडे एका कागदावर लिहून दिले. तिनें ते मुलाला वाचून दाखविले. तो थोडा वेळ गप्प राहिला, आणि मग त्यानें विचारलें, “आई, तूं जेवलीस का?” आठ दिवसांनंतर त्यानें दुसऱ्या कोणाची केलेली ती पहिली विचारपूस होती. पुढच्याच आठवड्यांत त्यानें दोन ठिकाणीं अर्ज केले.

आईबापांस माझी एवढीच विनंति आहे. मुलगा किंवा मुलगी मुलाखत देऊन घरीं आली म्हणजे उंबरठ्यावरच ‘झालें का काम?’ असें विचारूं नये. आधीं पाणी द्यावें. मग विचारावें, “काय काय विचारलें रे त्यांनीं?” या प्रश्नाचें उत्तर त्याच्यापाशीं निश्चित असतें, पहिल्याचें त्या वेळीं कोणापाशींच नसतें.