लोकनायक अणे आणि अपक्ष सभासदाचे बोलणे
(दिग्रस येथील वार्षिक ज्ञातिमेळाव्यात केलेले भाषण)



आज आम्ही ज्या गृहस्थांविषयी बोलणार आहोत ते आपल्या ज्ञातीचे नव्हते, आणि त्यांची निवड आम्ही जाणूनबुजून केली आहे. येत्या निवडणुकीत ज्ञातीच्या सर्व कुटुंबांनी ज्ञातीच्याच माणसामागे एकमताने उभे राहावे, पक्ष पाहू नये व माणसाचा पूर्वेतिहासही फार पाहू नये, अशी एक सूचना आपल्या मंडळापुढे आली आहे. सूचना करणारांच्या तळमळीविषयी आम्हांस शंका नाही. परंतु ज्यास आपण दिल्लीस धाडतो त्याने तेथे जाऊन करावयाचे काय, हा प्रश्न तीत कोठेच आढळला नाही. त्याचे उत्तर शोधण्यास लांब जावयास नको. आपल्याच जिल्ह्यातील लोकनायक बापूजी अणे यांचे चरित्र त्यास पुरेसे आहे.

माधव श्रीहरी अणे यांचा जन्म वणी येथे २९ ऑगस्ट १८८० रोजी झाला. यवतमाळास त्यांनी वकिली केली, लोकमान्य टिळकांचे ते निष्ठावंत अनुयायी झाले, आणि १९३० च्या जुलैत पुसदजवळ राखीव जंगलातील गवत कापून त्यांनी सरकारचा कायदा मोडला व तुरुंगवास पत्करला. पुसद आपल्या दिग्रसच्या शेजारचेच. त्या जंगल सत्याग्रहाची हकीकत आपणांपैकी पुष्कळांनी घरच्या वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकली असेल. म्हणून ती येथे लांबवीत नाही. आम्हांस बोलावयाचे आहे ते त्यांच्या सभागृहातील वर्तनाविषयी.

इंग्रजी अमदानीत ते मध्यवर्ती कायदेमंडळाचे अनेक वर्षे सभासद होते. १९३२ च्या ऑगस्टात ब्रिटिश पंतप्रधानांनी जातीय निवाडा जाहीर केला. अस्पृश्य वर्गासंबंधीचा त्यातील भाग सप्टेंबरच्या पुणे कराराने बदलला. बाकीचा तसाच राहिला. काँग्रेसने या उरलेल्या निवाड्याचा स्वीकारही करावयाचा नाही व धिक्कारही करावयाचा नाही, असे धोरण ठरविले. बापूजींना हे मानवले नाही. १९३३ साली जे काँग्रेसचे हंगामी अध्यक्ष होते, तेच १९३४ साली पंडित मदनमोहन मालवीय यांच्यासह या एका प्रश्नावर वेगळे झाले आणि त्यांनी निराळा राष्ट्रीय पक्ष काढला. १९३५ च्या आरंभी हा प्रश्न कायदेमंडळात आला तेव्हा काँग्रेस तटस्थ राहिली व बापूजींच्या मूठभर सोबत्यांनी निवाड्यास विरोध केला.

त्यांचे ते मत बरोबर होते की नाही, यावर आजही वाद घालता येईल. ज्या समाजांस शतकानुशतके कोणी विचारलेच नाही, त्यांनी आपला प्रतिनिधी मागावा यात गैर काहीच नव्हते, आणि डॉ. आंबेडकरांनी ती मागणी ज्या सामर्थ्याने मांडली तिचे उत्तर कोणास सहजासहजी देता आले नाही. आम्ही लक्ष वेधीत आहो ते निराळ्या गोष्टीकडे. स्वतःच्या पक्षाच्या सोयीसाठी बापूजींनी आपले मत गिळले नाही. आणि वेगळे झाले म्हणून काँग्रेसचे शत्रूही झाले नाहीत.

तथापि त्यांचे सर्वच निर्णय आम्हांस पटतात असे नाही. १९४१ साली ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेले. पुढल्याच वर्षी ऑगस्टात चिमूरचे प्रकरण घडले. लष्कर व पोलीस यांनी तेथे, विशेषतः स्त्रियांवर, केलेल्या अत्याचारांची चौकशी व्हावी म्हणून प्राध्यापक भन्साळी दिल्लीस बापूजींच्या घरी गेले व तेथेच उपोषणास बसले. चौकशी झाली नाही. भन्साळींना मात्र दिल्लीतून बाहेर काढण्यात आले. विदर्भातील माणूस सरकारात असून विदर्भातील आयाबहिणींच्या गाऱ्हाण्याची दाद लागली नाही! येथे बापूजींची बाजू आम्हांस दुबळी वाटते. पुढे १९४३ च्या फेब्रुवारीत महात्माजींच्या उपोषणाच्या वेळी सर होमी मोदी व नलिनीरंजन सरकार यांच्यासह त्यांनी राजीनामा दिला. खुर्ची ही जिभेस कसे कुलूप घालते, हे त्या दीड वर्षाच्या कारकीर्दीवरून दिसते.

स्वातंत्र्यानंतर १९४८ ते १९५२ ते बिहारचे राज्यपाल होते. इतके सारे झाल्यावर एखाद्याने वणीस स्वस्थ बसून संस्कृत ग्रंथ वाचले असते. परंतु नागपूरच्या लोकसभा सदस्या अनसूयाबाई काळे यांच्या निधनामुळे १९५९ साली पोटनिवडणूक झाली, आणि वयाच्या ऐंशीच्या उंबरठ्यावर बापूजी अपक्ष म्हणून निवडून आले. १९६२ साली नागपूरकरांनी त्यांस पुन्हा पाठविले. नागविदर्भ आंदोलन समितीचा त्यांस पाठिंबा होता. फाजल अली आयोगाने १९५५ साली आठ जिल्ह्यांच्या स्वतंत्र विदर्भाची शिफारस केली होती. ती मानली गेली नाही. १९६० च्या एप्रिलात मुंबई राज्याच्या पुनर्रचनेचे विधेयक संसदेपुढे आले तेव्हा एकीकडे संयुक्त महाराष्ट्राचा विजयोत्सव व दुसरीकडे आपली जुनी मागणी न सोडणारा हा वृद्ध अपक्ष, असे चित्र होते. विधेयक संमत होणारच होते. पण विदर्भाचे म्हणणे काय होते, हे देशाच्या सर्वोच्च सभागृहात सांगणारा कोणी होता, ही गोष्ट आम्ही लहान मानीत नाही. संयुक्त महाराष्ट्राचे अभिमानी आपल्या ज्ञातीत पुष्कळ आहेत. त्यांनीही ती लहान मानू नये.

आता अपक्षाची अडचण पाहा. लोकसभेत चर्चेचा वेळ पक्षांच्या संख्याबळाप्रमाणे वाटला जातो, त्यामुळे एकट्या सभासदाच्या वाट्यास चार-पाच मिनिटे आली तरी पुष्कळ. परंतु प्रश्नोत्तराच्या तासाचे तसे नाही. तोंडी उत्तराचे रोज वीस प्रश्न चिठ्ठ्या टाकून निवडतात. तेथे बलाढ्य पक्षाचा सभासद व एकटा अपक्ष यांची चिठ्ठी सारखीच. शुक्रवारी खाजगी सभासदांच्या विधेयकांस व ठरावांस वेळ असतो, तेथेही तसेच. शिवाय एकट्यासही मोठे काम करता येते. स्वतंत्र भारतातील पहिला अविश्वासाचा ठराव १९६३ च्या ऑगस्टात मांडला तो आचार्य कृपलानींनी, आणि ते तेव्हा अपक्ष होते. ठराव ३४७ विरुद्ध ६२ मतांनी फेटाळला गेला. पण चीनकडून झालेल्या पराभवाचा जाब नेहरूंसारख्या पंतप्रधानास सभागृहात उभे राहून द्यावा लागला. त्याच चर्चेत डॉ. लोहियांनी गरिबाच्या रोजच्या तीन आण्यांचा हिशेब मांडला.

असे सभासद पुढे विरळ झाले. १९५७ साली लोकसभेत ४२ अपक्ष होते, १९६२ साली २०. २०१९ साली अवघे ४ निवडून आले, त्यांत आपल्या शेजारच्या अमरावतीचा एक, आणि २०२४ साली ७, त्यांत सांगलीचा एक. १९८५ च्या पक्षांतरबंदीच्या घटनादुरुस्तीने पक्षाच्या सभासदास पक्षादेशाविरुद्ध मत देणे जवळजवळ अशक्य केले आहे. अपक्षास पक्षादेश नाही. मात्र निवडून आल्यावर तो एखाद्या पक्षात शिरला तर त्याची जागा जाते. दाराशी बाजार मांडून बसणारे अपक्षही आम्ही पाहिले आहेत, तेव्हा अपक्ष म्हणजे सज्जन असे आमचे म्हणणे नाही.

आमचे म्हणणे साधे आहे. २००६ साली पंतप्रधानांनी विदर्भातील सहा जिल्ह्यांच्या शेतकऱ्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांची योजना जाहीर केली, त्यांत यवतमाळ होते. विदर्भाच्या वैधानिक विकास मंडळाची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली. त्या पैशाचे पाणी कोणत्या शेतात मुरले, मंडळाची मुदत सरताना कोण बोलले, कापसाच्या भावावर कोणी किती प्रश्न विचारले, हे सारे आज पाहता येते. लोकसभेच्या कामकाजाचे जुने-नवे वृत्तांत संगणकावर कोणासही वाचावयास मिळतात. आपल्या कॉलेजातील मुलामुलींनी मनावर घेतले तर यवतमाळ-वाशीम मतदारसंघाच्या सभासदांनी आजवर काय विचारले, याचे टिपण महिन्याभरात तयार होईल. मंडळाने त्यांस वह्या व प्रवासखर्च द्यावा, अशी उपसूचना आम्ही लेखी दिली आहे.

उमेदवार ज्ञातीचा असो वा नसो, त्याच्यापुढे ते टिपण ठेवावे आणि तो काय विचारणार हे त्याच्याकडून वदवून घ्यावे. मूळ सूचना दुपारच्या साधारण सभेत मतास येईल, तेव्हा आम्ही तिच्या विरुद्ध हात वर करणार आहो.