पाळी ‘परत’ येत नसते

मुलगा असून आज पाळीवर बोलतोय, कारण आईला दवाखान्यात न्यायची गाडी आणि सुट्टी बऱ्याच घरांत आपल्याच हातात असते.

सलग 12 महिने पाळी आली नाही, की ती गेली म्हणायचं. त्यानंतर लाल डाग दिसला तर बायका म्हणतात, "परत आली असेल, उष्णता झाली असेल." दुखत नाही, एकदाच दिसलं, म्हणून सणवार उरकेपर्यंत थांबतात. थांबायचं नाही. त्याच आठवड्यात स्त्रीरोगतज्ज्ञ; रक्त जास्त जात असेल, चक्कर येत असेल तर त्याच दिवशी.

बहुतेक वेळा साधंच कारण निघतं: कोरडेपणा, पातळ झालेलं अस्तर, पॉलिप. पण दहातल्या साधारण एकीला गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर असतो, आणि लवकर सापडला तर ऑपरेशननं बरा व्हायची शक्यता खूप. सोनोग्राफीत अस्तराची जाडी मोजतात. 4 मिलिमीटरच्या वर असली तर तुकडा काढून तपासतात. गर्भाशयाचं तोंडही बघतात.

बार्शी, परांडा, भूम भागात 1987 पासून ग्रामीण कॅन्सर नोंदणीचे कार्यकर्ते गावोगाव जाऊन लक्षणं सांगायला लागले. पुढं गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या बायका अलीकडच्या टप्प्यातच दवाखान्यात यायला लागल्या. नुसतं सांगितल्यानं!

आपल्याकडं घाटी आहे, शासकीय कॅन्सर हॉस्पिटल आहे. जाताना शेवटची पाळी कधी आली ते लिहून न्या, आणि चालू गोळ्यांची पाकिटं. रक्त पातळ करायची गोळी असेल तर ती आधी दाखवा.