'लिहायचं राहून गेलं' म्हणणाऱ्यांसाठी

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सकाळी चहाच्या टेबलापाशी मला चार-पाच जणांनी बाजूला घेऊन एकच वाक्य सांगितलं, "मलापण लिहायचं होतं गं, पण राहून गेलं." त्यातला एक पपईची शेती करतो, एक जण बँकेत आहे, एक मैत्रीण सुरतेला संसारात आहे. संयोजकांनी मला विषय दिलाय 'लेखनाची आवड कशी जोपासावी'. आवड आपल्या सगळ्यांनाच आहे हे सकाळीच कळलं. म्हणून मी राहून गेलेल्या लेखनाबद्दल बोलते. त्यात माझा अनुभव मोठा आहे.

आधी कबुली देते. माझं एकही पुस्तक नाही. मी पुण्यात सॉफ्टवेअरची नोकरी करते. चार छोट्या कथा छापून आल्या आहेत, आणि एक मोठं लेखन सहा वर्षांपासून चालू आहे. तेव्हा यश कसं मिळवावं हे मी सांगू शकत नाही. पण अडलेली गाडी पुढे कशी ढकलली, ते सांगू शकते.

आपण शाळेत होतो तेव्हा पत्त्यात 'जिल्हा धुळे' लिहायचो. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ ला झाला, तोवर आपण इथून पांगलो होतो. त्या धुळे जिल्ह्याच्या काळातला एक हंगाम आठवा. दिवाळीनंतर कारखान्याचा बॉयलर पेटायचा, भोंगा वाजायला लागायचा आणि ऊसतोडीच्या टोळ्या यायच्या. त्यांच्यातली एक मुलगी आमच्या वर्गात चार महिने माझ्या शेजारी बसली होती. होळीच्या सुमाराला हंगाम संपला, टोळी गेली, ती परत आली नाही. तिचं नाव मला आठवतं, पण इथे घेत नाही. आज ती कुठे आहे, तिला ते चालेल का, मला ठाऊक नाही. तिच्यावर लिहायचं हे मी कॉलेजात असतानाच ठरवलं होतं. पंधरा-सोळा वर्षं नुसतं ठरवत राहिले.

मग एका १ जानेवारीला मी वहीवर मोठ्या अक्षरात लिहिलं, 'या वर्षी कादंबरी पूर्ण करायची.' नोकरीत आम्हाला दरवर्षी स्वतःची उद्दिष्टं लिहून द्यावी लागतात. ती मोजता येतील अशी असावीत, मुदत असावी, असा दंडक असतो. माझ्या कादंबरीच्या उद्दिष्टात मुदत होती, मोजमापही होतं. तरी मार्चपर्यंत वहीत अकरा पानं झाली, आणि मेमध्ये वही कपाटात गेली.

ते कुठे चुकलं हे मला फार उशिरा कळलं. कादंबरी पूर्ण होणं, छापली जाणं, लोकांना आवडणं, यातलं काहीच उद्या सकाळी उठून करता येत नाही. उद्या सकाळी उठून करता येतं ते एवढंच की अर्धा तास बसायचं. म्हणून पुढच्या वेळी मी वहीवर लिहिलं, 'आठवड्यातले पाच दिवस, साडेपाच ते सहा.' पानांचा हिशेब ठेवायचा नाही, बसलो की नाही याचा ठेवायचा. बसले त्या दिवशी कॅलेंडरवर फुली मारायची. घरात दूधवाल्याच्या खाड्यांसाठी जे कॅलेंडर असतं, तेच. पहिल्या महिन्यात अकरा फुल्या झाल्या. वर्ष संपताना महिन्याला अठरा-वीस होऊ लागल्या.

अर्ध्या तासानं काय होतं, असं कोणी विचारलं तर मी अमळनेरचं उदाहरण देते. साने गुरुजींनी 'श्यामची आई' फेब्रुवारी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात पाच दिवसांत लिहिली, हे आपण सगळे ऐकत आलो. ऐकून छाती दडपते. पण त्याच्या आधीची गोष्ट आपण विसरतो. गुरुजी १९२४ ते १९३० अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते, छात्रालय सांभाळत होते, आणि तिथल्या मुलांसाठी 'छात्रालय' नावाचं दैनिक स्वतःच्या हातानं लिहून काढत होते. त्याला ना छापखाना होता ना मानधन. वाचक म्हणजे वसतिगृहातली मुलं. समोरच्या मुलाला कळेल असं रोज लिहायचं, ही सवय त्या पाच दिवसांच्या आधी काही वर्षं चालू होती. आपण गुरुजी होणार नाही. पण त्यांच्या पाच दिवसांशी स्वतःची तुलना करून खचण्यापेक्षा त्यांच्या दैनिकाकडे बघितलेलं बरं.

आता दुसरा भाग. सवय लागली म्हणून लेखन सुधारतंच असं नाही. मी दोन वर्षं त्या मुलीवर लिहिलं. तिचे डोळे, तिचे विस्कटलेले केस, थंडीत कुडकुडणं, चिमणीचा धूर, संध्याकाळ. वाक्यं घोटून घोटून गुळगुळीत केली. मैत्रिणींना वाचायला दिलं, सगळ्या म्हणाल्या, "छान लिहिलंयस, डोळ्यांत पाणी आलं." दोन दिवाळी अंकांना पाठवलं, उत्तर आलं नाही. मला राग आला. मग एका सुट्टीत इथे घरी आले असताना ती वही मी नानांना, माझ्या वडिलांना, दिली.

नानांची सगळी नोकरी कारखान्याच्या काट्यावर गेली. ते चष्मा लावून, बोट ठेवून वाचतात. वाचून झाल्यावर म्हणाले, "भाषा चांगली आहे. पण ही पोरगी सकाळी काय खाऊन शाळेत यायची?"

मला माहीत नव्हतं.

"तिच्या बापाचे बैल कुठे बांधलेले असायचे? शाळेतून गेल्यावर ती काय करायची?"

तेही माहीत नव्हतं. चार महिने एका बाकावर बसून मला तिच्याबद्दल काहीच माहीत नव्हतं, आणि मी तिच्यावर साठ पानं लिहिली होती. आई आतून म्हणाली, "मंग काय लिखी ऱ्हायनी व माय?" त्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

त्या रात्री नाना काट्याबद्दल बोलत बसले. उसानं भरलेली गाडी आधी काट्यावर घ्यायची. मग ऊस गव्हाणीत उतरवून रिकामी गाडी पुन्हा काट्यावर. दोन्हींतला फरक म्हणजे उसाचं खरं वजन, आणि तोडणी-वाहतुकीची मजुरी त्याच वजनावर, टनाच्या हिशेबानं. नवरा-बायकोच्या जोडीला मिळून एक 'कोयता' म्हणतात, आणि मुकादमाकडून हंगामाआधी घेतलेली उचल त्याच मजुरीतून फेडायची असते. बोलता बोलता नाना हसून म्हणाले, "आणि तुम्ही शाळेची पोरं रस्त्यात चालत्या गाड्यांमधून ऊस ओढायचे!"

आता तुम्ही सगळे हसताय. ओढलाय ना? मीही ओढलाय. शाळा सुटली की गाड्यांच्या रांगेमागे आपण पळायचो, आणि गाडीवान चाबूक उगारून ओरडायचा. ती आपली सगळ्यात गोड आठवण आहे, प्रत्येक मेळाव्यात निघते. पण हिशेब बघा. तो ऊस काट्याच्या आधी गेलेला असायचा. म्हणजे वजनातून गेला, म्हणजे त्या जोडप्याच्या मजुरीतून गेला. कारखान्याचं काही फारसं बिघडत नव्हतं. मला तेव्हा आठवलं, की मधल्या सुट्टीत मी त्या मुलीला उसाचं एक कांडकं देऊ केलं होतं आणि तिनं घेतलं नव्हतं. मला वाटलं होतं, लाजते. आजही तिच्या मनात काय होतं ते मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण साठ पानांत मी तिची कीव करत बसले होते, आणि त्या गोष्टीत मी स्वतः कुठे उभी होते हे एकाही पानात नव्हतं.

दोन वर्षं वाक्यं घोटून जे झालं नाही, ते नानांच्या तीन प्रश्नांनी झालं. म्हणून माझ्या उद्दिष्टांत मी एक भर घातली. महिन्यातून एकदा कोणालातरी विचारून यायचं. टोळीबरोबर आलेल्या बाया, जुने गाडीवान, चिठ्ठी फाडणारे कारकून. लिहिण्याचा अर्धा तास घरात, पण विचारण्यासाठी बाहेर जावं लागतं, आणि तेही लेखनाचंच काम आहे.

इथे आपल्याच शहादा तालुक्यातल्या एका कवीचं नाव घेते. वाहरू सोनवणे. श्रमिक संघटनेच्या चळवळीतले कार्यकर्ते, भिली आणि मराठीत लिहिणारे. 'गोधड' हा त्यांचा संग्रह. त्यांची 'स्टेज' नावाची कविता ज्यांनी वाचली नसेल त्यांनी जरूर वाचावी. ज्यांचं दुःख असतं ती माणसं खाली बसतात आणि दुसरेच वर उभे राहून त्यांना ते सांगतात, असा तिचा विषय आहे. मी ती कविता आधीही वाचली होती आणि आवडलीही होती. ती माझ्या साठ पानांबद्दल आहे हे मात्र नानांनी विचारेपर्यंत लक्षात आलं नाही. आजही या स्टेजवर उभी राहून त्या मुलीबद्दल बोलताना ती आठवते आहे.

तिसरा आणि शेवटचा भाग, वाचक. आपलं लेखन ओळखीच्यांना दिलं की 'छान' हे उत्तर ठरलेलं. डॉ. जयंत नारळीकरांनी १९७४ मध्ये 'कृष्णविवर' ही कथा मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला पाठवली, ती 'नारायण विनायक जगताप' या टोपणनावानं. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून प्रत मंगलाताईंच्या हातची. एवढ्या मोठ्या शास्त्रज्ञाला आपल्या नावामुळे बक्षीस नको होतं, कथा चालते का ते बघायचं होतं. पहिला क्रमांक आला. आपलं नाव लपवावं एवढं मोठं नसतं, पण आपलेही ओळखीचे लोक आपल्याला दुखवायला धजत नाहीत. म्हणून मी वाचणाऱ्याला 'कसं वाटलं' असं विचारत नाही. तीन गोष्टी विचारते. कुठे कंटाळा आला? कुठे समजलं नाही? कुठे खोटं वाटलं? नोकरीत आमचं काम दुसरा माणूस तपासल्याशिवाय पुढे जात नाही. तो चुका काढतो म्हणून त्याचा राग धरायचा नसतो. लेखनात ही सवय लावायला मला जास्त वेळ लागला, कारण तिथे चूक काढली की ती आपल्यालाच लागते.

आणि दुरुस्ती करताना नानांचा काटा उपयोगी पडतो. लिहून झालं की आठ दिवस वही बंद ठेवायची. मग मोठ्यानं वाचायचं. अडखळलो तिथे खूण करायची. विशेषणं काढून टाकून पुन्हा वाचायचं. गाडीचं वजन गेल्यावर ऊस किती उरतो ते दिसतं. माझ्या साठ पानांतली नऊ उरली. ती नऊ पानं नानांनी पुन्हा वाचली आणि म्हणाले, "आता कारखाना दिसतो." मला तेवढं पुरलं. पोरगी अजून पुरती दिसत नाही, हे त्यांनी सांगितलं नाही, पण मला ठाऊक आहे.

तर माझ्या 'राहून गेलं' म्हणणाऱ्या मित्रमैत्रिणींनो, कादंबरीचा संकल्प आज सोडू नका. घरी जाऊन कॅलेंडरवर तुमचा अर्धा तास ठरवा. शेतातून आल्यावरचा असेल, बँकेच्या बसमधला असेल, पोळ्या आटोपल्यानंतरचा असेल. महिनाभरात एक पान पूर्ण करा, कितीही कच्चं असो. ते अशा एकाला दाखवा जो प्रश्न विचारेल. आणि ज्याच्याबद्दल लिहिताय त्याला, निदान त्याला ओळखणाऱ्याला, एकदा भेटून या. भाषेची चिंता करू नका. गुजरीत सुचलं, अहिराणीत सुचलं, तर तसंच उतरवा. मराठी करायची असेल तर नंतर करता येते. विसरलेलं मात्र नंतर आणता येत नाही. आपल्या कॉलनीतल्या ज्या माणसांना तो काळ ठाऊक आहे, ती आता ऐंशीच्या घरात आहेत.

शेवटी एक विनंती. आमच्या वर्गातली ती मुलगी तुमच्यापैकी कोणाला आठवत असेल, तिची टोळी कुठून यायची, मुकादम कोण होता, एवढं जरी सांगता आलं, तरी जेवणाच्या वेळी मला गाठा. वही आणि पेन बरोबर आणलं आहे.